कंपनीच्या लॅपटॉपचं एन्क्रिप्शन: हार्डवेअरचं की सॉफ्टवेअरचं, आणि चावी नक्की कुणाकडे?

कंपनीचे लॅपटॉप सांभाळायचं काम नव्यानेच अंगावर आलंय, वरून सांगितलंय की सगळ्या मशीन एन्क्रिप्ट करून टाका (म्हणजे चावीशिवाय आतला डेटा वाचताच येणार नाही असं करून ठेवा), आणि शोधायला बसलात तर एक जण म्हणतो हार्डवेअर एन्क्रिप्शनच घ्या, दुसरा म्हणतो त्याच्या नादी लागू नका. अशा माणसासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको: सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन चालू करा, त्याला मशीन सुरू होतानाच मागितला जाणारा पिन लावा, आणि रिकव्हरी की (अडल्यावर मशीन उघडणारी राखीव चावी) नीट जपून ठेवा. हार्डवेअरवालं असेल तर वरचा थर म्हणून ठीक, पण सगळी भिस्त त्याच्यावर टाकू नका. आता का आणि कसं ते बघू.

आधी हे स्वतः करून बघा

एन्क्रिप्शन नसलेला एखादा जुना विंडोज लॅपटॉप घ्या. मागचे स्क्रू काढा, आतली एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारा ड्राईव्ह, बाहेर काढा (बहुतेक वेळा एकच स्क्रू असतो, तो काढला की पट्टी स्वतःच वर उचलली जाते), ती यूएसबीच्या केसमध्ये घाला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. नवीन ड्राईव्ह म्हणून दिसेल. युझर्स फोल्डरमध्ये जाऊन त्या माणसाच्या नावावर डबल क्लिक केलं की एक मेसेज येतो, या फोल्डरची परवानगी नाही म्हणून, आणि त्याच मेसेजखाली कंटिन्यू असं बटण असतं. ते दाबा. थोडा वेळ हिरवी पट्टी सरकते आणि मग सगळं समोर, डेस्कटॉप, डाउनलोड्स, कुणाचे पगाराचे एक्सेल, सगळं. विंडोजचा पासवर्ड कुणीही विचारला नाही, कारण तो पासवर्ड विंडोज चालू असताना विंडोज विचारतं, ड्राईव्ह नाही विचारत.

हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की "आमच्या लॅपटॉपला पासवर्ड आहे ना" हे वाक्य परत तोंडातून निघत नाही. मॅनेजरला पटवायचं असेल तरी हेच समोर करून दाखवा, पाच मिनिटांत पटतं.

चावीचं गणित

ड्राईव्हवरचा डेटा एका चावीने गुंतवून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, ठेवलेला असतो, त्याची पद्धत आज जवळपास सगळीकडे एईएस आहे, जी २००१ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड म्हणून ठरली. १२८ बिटची घ्या नाहीतर २५६ बिटची, गणित तोडून कुणी आत येत नाही, तो विषय डोक्यातून काढा. लोक आत येतात ते चावी मिळवून.

आणि चाव्या दोन असतात, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. एक डेटाची खरी चावी, जी तुम्ही कधी बघतही नाही. दुसरी, त्या खऱ्या चावीला कुलूप लावणारी, जी तुमच्या पासवर्डवरून किंवा पिनवरून किंवा मशीनमधल्या चिपकडून येते. म्हणूनच पासवर्ड बदलला की एका क्षणात बदलतो, पूर्ण ड्राईव्ह परत गुंतवत बसावा लागत नाही, खरी चावी ज्या पेटीत ठेवलीय तिचं फक्त कुलूप बदलतं, आतली चावी तीच राहते. आता विचार करा, पेटीला कुलूपच नसेल तर? किंवा कुलूप दिसायला आहे पण पेटीला मागून झाकणच नाही? स्क्रीनवर "एन्क्रिप्टेड" असंच दिसेल आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटंही नसेल. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती फिरतो.

दोन्ही प्रकार कामाला कसे आहेत

सॉफ्टवेअरच्या प्रकारात ऑपरेटिंग सिस्टिम हे काम करते. विंडोजवर बिटलॉकर, लिनक्सवर लुक्स. ड्राईव्हकडे डेटा जाण्याआधीच प्रोसेसर तो गुंतवतो, ड्राईव्हला फक्त कचरा दिसतो. पूर्वी याने मशीन हळू व्हायची ही तक्रार खरी होती, पण २०१० पासून इंटेलने एईएससाठी प्रोसेसरमध्येच वेगळ्या सूचना टाकल्या, नंतर एएमडीनेही टाकल्या, त्यामुळे मेल, एक्सेल, ब्राउझर अशा कामात फरक कळत नाही. अगदी वेगवान एनव्हीएमई ड्राईव्हवर लाखो छोट्या फायलींची उलाढाल करणारे लोक असतील, मोठी सॉफ्टवेअर बनवणारे वगैरे, तर त्यांच्या मशीनवर फरक मोजता येतो, हे मान्य.

हार्डवेअरच्या प्रकारात ड्राईव्हमधला कंट्रोलरच, म्हणजे ड्राईव्ह चालवणारी चिपच, हे काम करतो. याला सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राईव्ह म्हणतात आणि कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ते बहुतेक ओपल नावाच्या स्टँडर्डप्रमाणे चालतात. प्रोसेसरवर काहीच भार नाही, वेग तोच, आणि कारखान्यातून निघाल्यापासून डेटा गुंतवलेलाच असतो. ऐकायला छान. पण पासवर्ड सेट केला नसेल तर हाच ड्राईव्ह कुणालाही उघडून देतो, म्हणजे पेटीला कुलूप नाही वाली गोष्ट. लॅपटॉप घेताना माहितीपत्रकात "सेल्फ एन्क्रिप्टिंग" लिहिलेलं वाचून आपलं काम झालं असं समजणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांची चूक म्हणता येत नाही, शब्दच तसा आहे.

मॅकचं थोडं वेगळं आहे. ॲपलची टी२ ही सुरक्षेची चिप असलेले आणि ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवाले मॅक आतला डेटा कायम हार्डवेअरनेच गुंतवतात. तिथे फाइलव्हॉल्ट (मॅकमधली एन्क्रिप्शनची सोय) चालू केलं की खरी चावी तुमच्या पासवर्डला बांधली जाते, म्हणून ते चालू व्हायला वेळही लागत नाही. पण चालू करावं लागतं, हे विसरू नका.

२०१८ मध्ये काय उघड झालं

हार्डवेअरवर पूर्ण भरवसा ठेवू नका असं मी म्हणतोय त्याचं मुख्य कारण हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड फान गास्टल या दोघांनी बाजारातल्या नेहमीच्या एसएसडी उघडून त्यांचं फर्मवेअर, म्हणजे ड्राईव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, वाचून काढलं, त्यात क्रूशलच्या एमएक्स१००, २००, ३०० आणि सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ, ८५० ईव्हीओ अशी लोकांच्या लॅपटॉपमध्ये हमखास असणारी मॉडेलं होती. काही ड्राईव्हमध्ये निघालं काय, तर पासवर्ड आणि डेटाची चावी यांचा गणिती संबंधच नव्हता. पासवर्ड बरोबर आहे का एवढं फर्मवेअर तपासायचं आणि हो म्हणालं की चावी मोकळी. म्हणजे ते "हो-नाही" तपासणारं कोड बदलून टाकलं की कुठलाही पासवर्ड चालतो. एका मॉडेलमध्ये तर मास्टर पासवर्ड, म्हणजे ड्राईव्ह उघडणारा वरचा पासवर्ड, रिकामा होता.

याहून वाईट गोष्ट अशी की त्या वेळी बिटलॉकर ड्राईव्हला विचारायचं, तुला स्वतःला जमतं का, आणि ड्राईव्ह हो म्हणाला की बिटलॉकर स्वतः काही न करता सगळं त्याच्यावर सोपवायचं. ॲडमिनला वाटायचं बिटलॉकर चालू आहे, आणि खरं काम फुटक्या फर्मवेअरकडे. मायक्रोसॉफ्टने आधी सूचना काढली आणि मग सप्टेंबर २०१९ च्या अपडेटपासून नव्याने एन्क्रिप्ट होणाऱ्या ड्राईव्हसाठी सॉफ्टवेअर हाच डिफॉल्ट केला. लक्षात घ्या, नव्याने होणाऱ्या. आधीचे जसे होते तसेच राहिले.

आता सगळेच हार्डवेअर ड्राईव्ह असे आहेत का, तर नाही, चांगल्या पद्धतीने बनवलेलेही असतात. पण मला किंवा तुम्हाला बाहेरून ते ओळखता येत नाही. लुक्सचा सोर्स कोड कुणीही वाचू शकतो, बिटलॉकरचं काही चुकलं तर विंडोज अपडेटने सगळ्या मशीनवर दुरुस्ती पोचते. एसएसडीचं फर्मवेअर अपडेट किती कंपन्यांमध्ये नियमित होतं, तुम्हीच बघा.

शिवाय आधीच, २०१२ मध्ये, जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की लॅपटॉप स्लीपमध्ये असताना उघडलेला सेल्फ एन्क्रिप्टिंग ड्राईव्ह पॉवर न तोडता, फक्त डेटाची केबल काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी उघडाच राहतो. त्याला वीज मिळतेय तोवर त्याला वाटतं मालक तोच.

टीपीएम म्हणजे हार्डवेअर एन्क्रिप्शन नाही

हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाचा होतो म्हणून वेगळं लिहितो. टीपीएम ही मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरमधली छोटी चिप. ती डेटा गुंतवत नाही, ती फक्त बिटलॉकरची चावी सांभाळते, आणि मशीन सुरू होताना बायोस, बूट लोडर वगैरे (विंडोजच्या आधी चालणारे प्रोग्रॅम) आहे तसंच आहे असं दिसलं तरच चावी सोडते. डेटा गुंतवायचं काम प्रोसेसरच करतो. म्हणजे बिटलॉकर अधिक टीपीएम हे सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनच, फक्त चावीची पेटी हार्डवेअरची.

आता कामाला लागू: पहिली पायरी, आहे काय ते बघा

कुठलंही सेटिंग बदलायच्या आधी प्रत्येक मशीनची खरी स्थिती लिहून काढा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून मॅनेज-बीडीई ही कमांड स्टेटस या स्विचसोबत (manage-bde -status) चालवा. बऱ्याच ओळी येतात, त्यातल्या दोन नीट वाचा. एक, एन्क्रिप्शन मेथड. तिथे एक्सटीएस-एईएस १२८ किंवा २५६ दिसलं तर सॉफ्टवेअरचं आहे, हार्डवेअर एन्क्रिप्शन असं दिसलं तर काम ड्राईव्हवर सोपवलेलं आहे. दोन, प्रोटेक्शन स्टेटस. ही ऑन असलीच पाहिजे.

या दुसऱ्या ओळीवर थांबतो जरा. आमच्याकडे एकदा एका सहकाऱ्याचा लॅपटॉप गाडीतून चोरीला गेला. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे एन्क्रिप्शन: हो, असं लिहिलेलं होतं, मीच लिहिलं होतं, मशीन आली तेव्हा ड्राईव्हवर कुलपाचं चिन्ह पाहून. नंतर त्याच लॉटमधल्या उरलेल्या मशीन तपासल्या तर सगळ्यांवर परसेंटेज १०० टक्के आणि प्रोटेक्शन ऑफ. म्हणजे विंडोजने मशीन सेटअप होताना आपणहून डेटा गुंतवला होता, पण चावीला कुलूप लावायचं शेवटचं पाऊल झालंच नव्हतं, चावी ड्राईव्हवरच उघडी पडलेली. कुलपाच्या त्या चिन्हावर पिवळा त्रिकोण असतो अशा वेळी, मी तो पाहिला होता आणि सोडून दिला होता. त्यानंतर क्लायंटला फोन करून काय काय गेलं असू शकतं ते सांगावं लागलं, तो फोन मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, चिन्ह बघू नका, स्टेटसच्या ओळी बघा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली फाइलव्हॉल्ट दिसतं. लिनक्सवर एलएसबीएलके (lsblk) ही कमांड चालवली की टाईपच्या रकान्यात क्रिप्ट असं दिसायला हवं.

दुसरी पायरी: रिकव्हरी की आधी, एन्क्रिप्शन नंतर

क्रम मुद्दाम असा सांगतोय. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते, आणि ती लागणार, आज ना उद्या नक्की लागणार. मदरबोर्ड बदलला, टीपीएम रीसेट झाली, बायोसमध्ये कुणी हात घातला, की मशीन सुरू होताना निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकडे मागतो. ते नसतील तर डेटा गेला, कुणी परत आणून देऊ शकत नाही, कारण आपण नेमकं तेच होऊ नये अशी व्यवस्था केलेली असते.

१९ जुलै २०२४ आठवा, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका खराब अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन एकदम बंद पडल्या. दुरुस्ती सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल उडवायची. पण बिटलॉकर असलेल्या मशीनवर तिथपर्यंत पोचायला प्रत्येक मशीनची ४८ अंकी की हवी. ज्यांच्याकडे कीज नीट होत्या त्यांनी एकेक करून आकडे वाचून दाखवत मशीन उठवल्या. आता विचार करा, कीज ज्या सर्व्हरवर आहेत तोच सर्व्हर अशा दिवशी बंद पडलेला असेल तर?

त्यामुळे कीज ॲक्टिव्ह डिरेक्टरीत किंवा एन्ट्रा आयडीत (कंपनीची सगळी खाती आणि मशीन सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणा) आपोआप जमा होतील असं पॉलिसीत, म्हणजे सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, लावा, आणि की जमा झाल्याशिवाय एन्क्रिप्शन सुरूच होऊ नये असा पर्यायही तिथेच आहे, तो चालू करा. दुसरी प्रत त्या व्यवस्थेच्या बाहेर ठेवा, पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा छापून तिजोरीत, मोजक्या दोन-तीन लोकांच्या हातात. लॅपटॉपच्या बॅगेत चिठ्ठी ठेवू नका, आणि कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर की राहू देऊ नका, तो नोकरी सोडून गेला की की पण गेली. मॅकची रिकव्हरी की २४ अक्षरी असते, ती तुमच्या एमडीएममध्ये (कंपनीची मशीन दुरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) जमा करून घ्या. लुक्समध्ये एकाच ड्राईव्हला अनेक पासफ्रेज लावता येतात, तर एक स्लॉट कंपनीसाठी ठेवा, आणि हेडरचा (ड्राईव्हच्या सुरुवातीचा, कुलूपबंद चावी असलेला भाग) बॅकअप घ्या, कारण हेडर बिघडला तर बरोबर पासफ्रेज असूनही काही उघडत नाही. मात्र हेडरच्या जुन्या बॅकअपवर जुनी पासफ्रेजही चालते, त्यामुळे ती फाईल सुद्धा चावीसारखीच सांभाळा.

मग एक मशीन घेऊन खरंच रिकव्हरी करून बघा. जमा झालेली की टाकून मशीन उघडते का ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: चालू करणं

ग्रुप पॉलिसीत ड्राईव्हच्या प्रत्येक प्रकारासाठी हार्डवेअर बेस्ड एन्क्रिप्शन वापरायचं की नाही असं सेटिंग आहे. ते डिसेबल करा म्हणजे बिटलॉकर काम स्वतःच करेल. मेथड एक्सटीएस-एईएस २५६ ठरवा, १२८ सुद्धा पुरेसं आहे पण ऑडिटवाले २५६ मागतात आणि नंतर बदलायचं म्हणजे सगळं उलगडून परत करणं आलं. हेच पहिल्या पायरीत हार्डवेअर एन्क्रिप्शन दिसलेल्या मशीनना लागू: नुसती पॉलिसी बदलून काही होत नाही, बिटलॉकर पूर्ण बंद करायचं आणि परत चालू करायचं.

नव्या कोऱ्या मशीनवर फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करा, पटकन होतं. आधीपासून वापरात असलेल्या मशीनवर मात्र पूर्ण ड्राईव्हचा पर्याय घ्या, कारण डिलीट केलेल्या फायलींचे अवशेष रिकाम्या दिसणाऱ्या जागेत पडून असतात. चार्जर लावून ठेवा. मध्ये बंद झालं तरी पुढे सुरू होतं. विंडोज होम एडिशनमध्ये ही सगळी सेटिंग्ज नसतात, म्हणून कंपनीसाठी प्रो घ्या.

चौथी पायरी: पिन, आणि स्लीपची सवय

फक्त टीपीएमवर ठेवलं तर एसएसडी काढून नेणारा अडतो, पण पूर्ण लॅपटॉप नेणाऱ्याकडे मशीन आपोआप लॉगिन स्क्रीनपर्यंत सुरू होते, म्हणजे तोपर्यंत चावी बाहेर आलेली असते. २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको या स्वस्तातल्या छोट्या बोर्डने, मदरबोर्डवर वेगळी टीपीएम असलेल्या जुन्या लॅपटॉपवर, चिपकडून प्रोसेसरकडे जाणारी चावी ४३ सेकंदांत वाचून दाखवली. प्रोसेसरमध्येच टीपीएम असेल तर अशी तार लावायला जागा नसते, पण पिन लावला तर दोन्हीकडे फायदा, कारण पिनशिवाय टीपीएम चावी सोडतच नाही आणि चुकीचे पिन बरेचदा टाकले की ती स्वतःला लॉक करते.

लोक कुरकुर करतात, दोनदा टाईप करावं लागतं म्हणून. सगळ्यांना एकदम लावता येत नसेल तर बाहेर फिरणाऱ्यांपासून आणि अकाउंट्स, एचआर यांच्यापासून सुरुवात करा.

आणि स्लीप. झाकण बंद केलं की स्लीप, म्हणजे चावी रॅममध्ये जागीच. वीज तुटल्यावरही रॅममधला डेटा थोडा वेळ टिकतो आणि त्यातून चाव्या काढता येतात हे २००८ मध्येच प्रिन्स्टनच्या गटाने दाखवलंय. झाकण बंद केल्यावर हायबरनेट होईल (रॅममधलं सगळं ड्राईव्हवर लिहून मशीन पूर्ण बंद) असं पॉलिसीत लावा, मग परत उघडताना पिन मागतो. दहा सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

नंतरचं

बायोस किंवा फर्मवेअर अपडेटच्या आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं थांबवणं) करा, डिक्रिप्ट (डेटा पूर्ण उलगडणं) नाही, सस्पेंड, नाहीतर सकाळी वीस जण ४८ आकडे मागायला येतील. अपडेट झाल्यावर प्रोटेक्शन परत ऑन झालं का ते बघा. दर महिन्याला सगळ्या मशीनचं स्टेटस एकदा गोळा करा, कारण कुणीतरी दुरुस्तीसाठी सस्पेंड करतं आणि विसरतं.

हेही टीमला स्पष्ट सांगा की लॉगिन झाल्यावर हे एन्क्रिप्शन मध्ये येत नाही. रॅन्समवेअर, फिशिंग, चुकून पाठवलेला मेल, यातलं काहीही ते थांबवत नाही, आणि तो बॅकअपही नाही.

मशीन जुनी होऊन बाहेर जाते तेव्हा मात्र हार्डवेअरवाल्या ड्राईव्हचा खरा उपयोग होतो. ओपल ड्राईव्हच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरी कोड छापलेला असतो, तो वापरून ड्राईव्ह रीसेट केला की आतली चावी नष्ट होते आणि पूर्ण ड्राईव्ह काही सेकंदांत निरुपयोगी डेटाने भरलेला उरतो. ड्राईव्ह पहिल्या दिवसापासून बिटलॉकरने गुंतवलेला असेल तर आत राहिलेलं काहीही वाचण्यासारखं नसतंच, पण उशिरा एन्क्रिप्ट केलेल्या एसएसडीत जुने उघडे तुकडे आतल्या राखीव जागेत असू शकतात, तिथे फॉरमॅटवर न थांबता ड्राईव्हची स्वतःची सिक्युअर इरेज चालवा. मग रजिस्टरमध्ये सिरियल नंबर आणि तारीख लिहा, आणि त्या मशीनची रिकव्हरी की डिरेक्टरीतून आणि तिजोरीतल्या कागदावरूनही काढून टाका.